घरच्या ड्यूटीवर पहिल्यांदा जाताना

जीएनएम किंवा एएनएम हे नर्सिंगचे कोर्स करून, वर्ष-दोन वर्षं वॉर्डात काढून ज्या मुली आता घरच्या ड्यूटीला निघाल्या आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मुलगेही आता या कामात बरेच येतात, त्यांनाही हे सगळं लागू आहे. वॉर्डात काही अडलं तर हाकेवर दुसरी सिस्टर असते, आरएमओ म्हणजे निवासी डॉक्टर असतो. घरी रात्री दोन वाजता आजींचा श्वास बदलला तर खोलीत तुम्ही आणि झोपेतून उठून आलेला त्यांचा मुलगा, एवढेच. हा फरक सगळ्यांना कळतो. दुसरा लवकर कळत नाही. पेशंटची उठायची वेळ, त्याचा चहाचा कप, त्याचं देवघर, घरातले रुसवे, हे सगळं आपण जायच्या आधीपासून चालू असतं. त्यात आपण नवीन असतो. वॉर्डाची शिस्त तशीच उचलून घरात लावायला गेलं की चांगला हात असलेली सिस्टरसुद्धा आठ दिवसांत नकोशी होते. पेशंटचा दिवस समजून घेऊन त्यात नर्सिंग बसवलं तर तेच काम सोपं जातं.

ड्यूटी घेण्याआधी विचारून घ्या

ब्यूरोचा, म्हणजे घरोघरी सिस्टर पाठवणाऱ्या संस्थेचा, फोन येतो तेव्हा पत्ता, वेळ आणि पैसे सांगतात. तेवढ्यावर हो म्हणू नका. पेशंटला काय झालंय, शुद्धीत आहे का, चालतो का, नळ्या कोणत्या आहेत, ऑक्सिजन लागतो का, टीबीसारखा संसर्ग आहे का, अंगावर धावून येतो का, हे विचारा. आणि वजन विचारा. ते कोणीच विचारत नाही. ऐंशी किलोचा लकव्याचा पेशंट एकटीने कुशीवर करता येत नाही. केलात तर तो पडेल किंवा तुमची कंबर जाईल. मदतीला घरात कोण आहे, ते फोनवरच ठरवा. दिवाणावरचा पेशंट असेल तर खालीवर होणारा फाऊलर बेड भाड्याने आणायला सांगा. कमरेइतक्या उंचीचा बेड मिळाला की तुमची पाठ पुढची कित्येक वर्षं टिकते.

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू ठेवा आणि तिची झेरॉक्स जवळ बाळगा. केअरटेकर मावशींचं काम आणि सिस्टरचं काम यांतली रेघ पहिल्याच दिवशी स्पष्ट करा. पेशंटच्या खोलीची स्वच्छता आपली, घराची भांडी आपली नाहीत. हे न भांडता पण सुरुवातीलाच सांगायचं असतं. महिन्याभराने सांगितलं तर कुरबुर वाटते.

चोवीस तासांची ड्यूटी असेल तर सलग झोपायला किती तास मिळणार, कुठे झोपायचं, जेवण कोणाचं, आठवड्याची सुट्टी कधी, हे लिहून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलेलंही चालतं. झोप हा काही आपल्या चैनीचा प्रश्न नाही. तीन रात्री जागलेल्या माणसाच्या हातून इन्सुलिनचा डोस चुकतो.

तुमच्या सुरक्षेचं एकदाच सांगते. पहिल्या दिवशी ब्यूरोचं कोणीतरी सोबत असावं, पत्ता घरी कळवलेला असावा, झोपायच्या खोलीला आणि बाथरूमला आतून कडी असावी. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा राहत्या घरालाही कामाची जागा मानतो आणि जिल्ह्यातल्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. पेशंट म्हातारा आहे, डोकं ठिकाणावर नाही, म्हणून सोडून द्या, असं कोणी म्हटलं तरी ब्यूरोला लेखी कळवाच. स्मृतिभ्रंशामुळे कोणी हात लावत असेल तर त्यावर डॉक्टरांशी बोलून उपाय निघतो. घरातलं दुसरं कोणी असेल तर त्या घरात राहायचं नाही.

पहिला दिवस

आधी पेशंटशी बोला, मग घरच्यांशी. कोमात असेल तरी नाव घेऊन, नमस्कार करून, आपण कोण ते सांगा. त्याच्या डोक्यावरून घरच्यांशी ‘यांना संडासला कधी होते?’ असं बोलू नका. लकव्याने वाचा गेलेल्या माणसाला ऐकू येत असतं आणि बरेचदा कळतही असतं. त्याच्यासमोर त्याच्या लंगोटाची चर्चा चालते तेव्हा तो भिंतीकडे बघतो, ते मी फार वेळा पाहिलं आहे. ‘काका, आता डाव्या कुशीवर वळवते, चालेल?’ असं विचारा आणि थांबा. डोळे मिटून हो, भुवया उचलून नाही, अशी काहीतरी खूण दोघांत ठरवा.

मग डोक्यापासून टाचेपर्यंत अंग बघा आणि तारीख-वेळ घालून वहीत लिहा. माकडहाडावर आधीच जखम असेल तर तिची लांबी-रुंदी मोजून, घरच्या माणसाला दाखवून लिहा. फोटो काढायचा तर घरच्यांच्या फोनवर, परवानगीने. तुमच्या फोनमध्ये पेशंटचा फोटो असताच कामा नये. स्टेटस आणि रील तर दूरच राहिलं.

त्या दिवशी घरच्यांकडून दोन गोष्टी घ्या. एक म्हणजे डॉक्टरांची सही असलेली औषधांची यादी. दुसरी म्हणजे आजारी पडण्याआधी या माणसाचा दिवस कसा जायचा, त्याची हकीकत. ही दुसरी गोष्ट कुठल्या चार्टवर नसते आणि सगळ्यात उपयोगी पडते.

एका घरी स्मृतिभ्रंश झालेल्या आजी होत्या. सकाळी साडेसातला दूध-बिस्किट दिलं की दात घट्ट मिटायच्या, चमचा ढकलायच्या, कधी नखं मारायच्या. आजी हट्टी आहेत म्हणून सगळ्यांनी हात टेकले होते. सूनबाई बोलता बोलता म्हणाल्या, ‘आई कधी पारोशानं खायच्या नाहीत हो, अंघोळ, पूजा, मगच चहा.’ आम्ही फक्त क्रम बदलला. सहाला स्पंजिंग, धुतलेलं पातळ, केसांची वेणी, कपाळाला कुंकू, देवाच्या फोटोसमोर हात जोडून दिले आणि मग कपबशीतून चहा. दुसऱ्याच दिवशी आजींनी बशी स्वतः हातात धरली. दोन्ही हात थरथरत होते, थोडा चहा पदरावर सांडला, पण सगळा प्यायल्या. औषधात काही बदल नव्हता. त्यांना कुठलाही हट्ट नव्हता. नाव, गाव, नातवंडं विसरल्यावरही अंगात मुरलेली एक शुचिता उरली होती आणि आम्ही रोज ती मोडत होतो.

पाठ, टाचा, माकडहाड

घरच्या नर्सिंगचा खरा कस बेडसोअरवर, म्हणजे पडून राहून दाबाने होणाऱ्या जखमांवर, लागतो. म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते.

ज्याला स्वतःहून हलता येत नाही त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची, रात्रीसुद्धा. एअर बेड असला तरी. एअर बेड आणला की सुटलो असं घरच्यांना वाटतं, तसं नाही. भिंतीवर कागद लावा: ८ डावी, १० पाठ, १२ उजवी. ज्याने बदलली त्याने सही करायची. तुम्ही नसताना मुलगा, जावई, मावशी, कोणीही असो, कागद बघून काम पुढे चालतं.

कुशीवर म्हणजे पूर्ण आडवं नाही. पूर्ण आडवं केलं की सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी देऊन साधारण ३० अंशांचा कल द्या. गुडघ्यांच्या मध्ये उशी, आणि पोटरीखाली अशी उशी की टाच अधांतरी राहील. उशी टाचेखालीच ठेवतात बहुतेक घरांत, त्याचा काही उपयोग नाही. मग कानाची पाळी दुमडली नाही ना, कॅथेटरची, म्हणजे लघवीची, नळी मांडीखाली आली नाही ना, चादरीला चुणी नाही ना, हे हात फिरवून बघा.

वर सरकवताना काखेत हात घालून ओढू नका. पाठीची कातडी गादीला धरून राहते आणि आतलं मांस पुढे जातं, जखम तिथेच सुरू होते. शिवाय लकव्याच्या बाजूचा खांदा सांध्यातून खाली उतरतो. खांद्यापासून मांडीपर्यंत पोचेल अशी दुहेरी सुती चादर कायम पेशंटखाली ठेवा. दोघांनी दोन बाजूंनी ती अंगालगत गुंडाळून मुठीत धरायची, एकाने ‘एक, दोन, तीन’ म्हणायचं आणि उचलून सरकवायचं. आधी पेशंटला सांगून. अचानक उचललं की तो घाबरून जे हाताला येईल ते पकडतो.

रोज सकाळी उजेडात माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपरं, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू बघा. लाल झालं असेल तर बोटाने दाबून सोडा. दाबल्यावर पांढरट होऊन पुन्हा लाल झालं तर अजून वेळ आहे. लालच राहिलं तर पहिली पायरी सुरू झाली. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली दिसतेच असं नाही. तिथे जांभळट छटा बघा, आणि शेजारच्या कातडीपेक्षा ती जागा गरम, कडक किंवा लिबलिबीत लागते का ते हाताने बघा. अशा जागेवर भार येऊच द्यायचा नाही आणि ती चोळायचीही नाही. चोळल्याने रक्त खेळतं हा समज जुना आहे, उलट आतली इजा वाढते. मधे भोक असलेली रबरी रिंगही नको, तिच्या काठाने कडेचा रक्तपुरवठा अडतो. पावडरचे थर, स्पिरिट, उघड्या जखमेवर हळद, यांतलं काही नको. हळदीबद्दल घरातल्या मोठ्या माणसांशी वाद न घालता, ‘डॉक्टरांनी ड्रेसिंग दिलंय, त्याला चिकटेल’ असं सांगितलं की ऐकतात.

ओल हे दुसरं कारण. डायपर भरायची वाट बघू नका. स्वच्छ करून, टिपून, कोरडं करून मगच दुसरा. आणि जेवणात प्रथिनं कमी असतील तर कितीही कूस बदला, जखम भरत नाही. वरणाचं पाणी म्हणजे वरण नव्हे, हे घरच्यांना समजावून सांगावं लागतं.

नळ्या

राईल्स ट्यूबच्या, म्हणजे नाकातून पोटात जाणाऱ्या नळीच्या, फीडला (नळीतून द्यायच्या पातळ अन्नाला) डोकं ३० ते ४५ अंश वर आणि फीडनंतरही निदान अर्धा-पाऊण तास तसंच. नाकाशी नळीवर पेनने खूण करा. प्रत्येक फीडआधी खूण जागेवर आहे ना ते बघा आणि सिरिंजने ओढून पोटातला द्रव येतो का ते तपासा. हवा सोडून स्टेथोने आवाज ऐकायची पद्धत अजून बरेच जण वापरतात. ती भरवशाची नाही, नळी फुप्फुसाच्या वाटेवर असली तरी आवाज येऊ शकतो. खोकला, घुसमट, निळसर ओठ, जराही शंका, तर फीड थांबवा आणि डॉक्टरांना कळवा. एक फीड चुकल्याने काही बिघडत नाही. फीड दोनशे-अडीचशे मिलीचा, सिरिंजचा दट्ट्या न दाबता, उंचीवरून आपोआप उतरू द्यायचा. आधी आणि नंतर साधारण ३० मिली पाणी. गोळ्या कुटून देताना ज्या गोळ्या हळूहळू किंवा आतड्यात जाऊन विरघळणाऱ्या असतात, नावापुढे एसआर, एक्सआर, ईसी असं काही असतं, त्या कुटायच्या नाहीत. डॉक्टरांकडून पर्याय मागायचा.

नळी ओढतो म्हणून पेशंटचे हात बांधा, असं घरचे सांगतील. आधी तो का ओढतो ते बघा. चिकटपट्टीने नाक सोलवटलेलं असतं, लघवी तुंबलेली असते, किंवा नुसती भीती असते. हातात मऊ कापडाची गुंडाळी, हातमोजा, शेजारी कोणी बसणं, यांनी बहुतेक वेळा भागतं. बांधणं हा डॉक्टरांनी लिहून द्यायचा शेवटचा उपाय आहे.

कॅथेटरची पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नाही. व्हीलचेअरवर बसवताना पिशवी मांडीवर ठेवायची सवय मोडा. चार तासांत थेंब नाही आला तर आधी नळी कुठे दुमडली का ते बघा, मग ओटीपोट फुगलंय का ते हाताने बघा, आणि लगेच डॉक्टरांना फोन.

औषधं आणि सुया

लेखी नसेल ते द्यायचं नाही. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं तर त्यांना तेच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहायला सांगा. अँटिबायोटिक इंजेक्शनचा पहिला डोस घरी देऊ नका, रुग्णालयातच होऊ द्या. रिअ‍ॅक्शन आली तर घरी तुमच्याकडे करण्यासारखं फार थोडं असतं. यावर घरचे नाराज होतात, होऊ द्या.

इन्सुलिनबद्दल एक गोष्ट पाठ करा. आपल्याकडे एका मिलीत ४० युनिटची आणि १०० युनिटची, अशा दोन ताकदींची इन्सुलिनं मिळतात आणि सिरिंजाही वेगळ्या असतात: ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी टोपणाची. १०० च्या बाटलीतलं इन्सुलिन ४० च्या सिरिंजने ओढलंत तर अडीच पट डोस जातो. दर वेळी बाटली आणि सिरिंज शेजारी धरून दोन्हींवरचा आकडा वाचा. साखर ७० च्या खाली गेली आणि पेशंट गिळू शकतोय तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

वापरलेली सुई टोपण न लावता जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बाटलीत टाका. बाटली पाऊण भरली की बंद करून जवळच्या दवाखान्यात किंवा लॅबमध्ये, जिथे जैववैद्यकीय कचरा नेला जातो, तिथे विचारून द्या. घरच्या कचऱ्यात गेलेली सुई सकाळी कचरावेचक ताईंच्या बोटात जाते. डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका करायची पद्धत पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेने रुजवली आहे. तुमच्या गावात नसली तरी सुरू करा.

बदल ओळखणं

म्हाताऱ्या माणसात आजार पुस्तकातल्यासारखा येत नाही. लघवीचा संसर्ग झाला तरी ताप येईलच असं नाही. कालपर्यंत नीट बोलणाऱ्या आजी आज अचानक असंबद्ध बोलायला लागल्या, दिवसभर पेंगत राहिल्या, किंवा जेवण सोडलं, एवढंच दिसतं. ‘वय झालं आता’ म्हणून घरचे सोडून देतात. अचानक झालेला गोंधळ वयामुळे होत नसतो, तो डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचा. तसंच चार दिवस शौचाला झालं नाही आणि मग थोडं थोडं पातळ गळायला लागलं, तर तो जुलाब समजून औषध देऊ नका. घट्ट मळाच्या कडेने पातळ झिरपत असतं.

बोलता न येणाऱ्याचं दुखणं चेहऱ्यावर वाचा. कूस बदलताना कपाळाला आठ्या पडतात का, श्वास धरतो का, चांगला हात बेडच्या कठड्यावर आवळतो का. असं होत असेल तर औषधाची वेळ कूस बदलायच्या आधी येईल अशी बसवून मागा.

तोंड वाकडं झालं, एक हात पडला, बोली अडखळली, तर घड्याळ बघा आणि शेवटचं नीट कधी पाहिलं ती वेळ लिहा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं की नाही हे साडेचार तासांच्या हिशेबावर ठरतं, आणि रुग्णालयात पहिला प्रश्न हाच येतो.

म्हणून वही. ‘पेशंट बरा आहे’ असं लिहू नका. काय खाल्लं, किती प्यायलं, लघवी किती आणि कोणत्या रंगाची, बीपी, साखर, झोप, कातडी, हे वेळेसकट लिहा. डॉक्टर महिन्याने येतात आणि पाच मिनिटं बघतात. मधल्या सगळ्या दिवसांचं त्यांना त्या वहीतूनच कळतं.

घरातली माणसं, उपास, देवघर

आषाढी एकादशी जवळ आली की मधुमेहाच्या आजी उपास धरणार म्हणजे धरणार. नाही म्हणून भांडू नका. आठ दिवस आधी डॉक्टरांना सांगून त्या दिवसाचा डोस लिहून घ्या, नाहीतर उपाशी पोटी नेहमीची गोळी जाते आणि दुपारी साखर उतरते. साबुदाण्याच्या खिचडीने उलट चढते, हेही ध्यानात ठेवा. थोडी भगर, दाण्याची आमटी, दही यांवर तडजोड होते.

ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत निरांजन, उदबत्ती, धूप नको. किमान दहा फूट लांब. देवघर त्याच खोलीत असेल तर पूजेची जागा बदलायला सांगा, आणि आजोबांना आरतीचा आवाज ऐकू येईल असं दार उघडं ठेवा. ओठ कोरडे पडले म्हणून व्हॅसलीन लावू नका, पाण्यातलं जेल वापरा. वीज गेली की ऑक्सिजन देणारं कॉन्सन्ट्रेटर मशीन बंद पडतं, भरलेला सिलिंडर कोपऱ्यात हवाच. आणि बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजनचा आकडा कमी दिसला म्हणून स्वतःहून फ्लो वाढवायचा नाही. जुन्या दमेकरी फुप्फुसांना डॉक्टर बहुधा ८८ ते ९२ च्या दरम्यानच ठेवायला सांगतात.

एक मुलगा इथे, मुलगी अमेरिकेत, असं घर हल्ली नेहमीचं. मुलगी रात्री व्हिडिओ कॉलवर सूचना देते, सून सकाळी वेगळं सांगते. निर्णय कोणाचा मानायचा ते एकदा सगळ्यांसमोर ठरवून घ्या. सुनेवर चिडू नका. तुम्ही येण्याआधी हे सगळं बहुधा तीच करत होती. तिला दुपारी दोन तास झोपायला पाठवा, हेही तुमचंच काम समजा.

पैशांना, एटीएमला, दागिन्यांना हात नाही. मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही नाही. आजींनी प्रेमाने दिलेली साडीसुद्धा घरच्यांना दाखवून घ्या.

कधी उलटंही दिसतं: दंडावर बोटांचे वळ, मुद्दाम उपाशी ठेवणं, सह्यांसाठी दमदाटी. दिसलं तसं वहीत लिहा, डॉक्टरांना आणि ब्यूरोला सांगा. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आहे, तिथे तुम्हीही फोन करू शकता.

शेवटचे दिवस घरीच असतील तर

कॅन्सरच्या किंवा शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटसाठी पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांची, टीम लवकर जोडून घ्या. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे, मुंबईत टाटा रुग्णालयाची टीम आहे. मॉर्फिन या जोरदार वेदनाशामकाला घाबरू नका. ठरल्या वेळी, ठरल्या मात्रेत दिलं तर दुखणारं माणूस शांत झोपतं. सोबत शौच साफ होण्याचं औषध मात्र विसरू नका.

गिळता येईनासं झाल्यावर घरचे गंगाजल चमच्याने तोंडात घालायला येतात. ते श्वासनलिकेत जातं आणि घुसमट होते. पण त्या क्षणी ‘नको’ म्हणणंही क्रूर आहे. कापसाचा बोळा गंगाजलात भिजवून, पिळून, मुलाच्या हातात द्या आणि ओठांवरून, जिभेवरून फिरवायला सांगा. तुळशीचं पान ओठांवर ठेवू द्या.

घरी मृत्यू झाला तर प्रमाणपत्र कोण देणार, हे आधीच फॅमिली डॉक्टरांशी बोलून ठेवा. घरच्या मृत्यूसाठी ४-अ नमुन्यात कारण लिहिलेला कागद स्मशानातही मागतात आणि नोंदणीलाही, आणि नोंदणी २१ दिवसांत करायची असते. डॉक्टर येऊन बघेपर्यंत नळ्या काढू नका. वेळ लिहा. मग डोळे मिटवा, हनुवटीखाली कापडाची घडी ठेवा, अंग स्वच्छ करा, आणि घरच्यांना विचारा की अंघोळ त्यांना घालायची आहे का. बऱ्याचदा मुलींना घालायची असते आणि त्या विचारायला कचरतात.

उरलेलं मॉर्फिन मोजून, लिहून, ज्या केंद्रातून आलं तिथे परत द्यायला सांगा. वही घरच्यांना द्या. ब्यूरो दुसऱ्याच दिवशी नवा पत्ता पाठवेल, तेव्हा चार दिवस मागून घ्या.